साडेतीनची जाग

मंगळवार

पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडे. मानेला घाम, पांघरूण पायाशी. पुन्हा डोळा लागला तो पाचच्या सुमाराला, आणि साडेसहाला गजर. व्यायामाची चटई आज गुंडाळलेलीच राहिली. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

पाचच्या ठोक्याला उठणारी बाई म्हणजे आदर्श बाई, हे मला कधीच पटलेलं नाही. रात्री बारा वाजता पाठ टेकायची आणि पाचला उठून ध्यान करायचं, याला लोक शिस्त म्हणतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची म्हणजे रेम झोप पहाटेकडे. त्यामुळे गजर अलीकडे ओढला की मुख्यतः ही रेम झोपच कापली जाते. मनाची घडी बसवण्याशी तिचा संबंध आहे. ती गमावून मग मन शांत करायला बसायचं!

दुसरं खूळ कॉर्टिसॉलचं, म्हणजे ताणाचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्मोनचं. जो तो ते 'कमी करायला' निघालेला. अरे, सकाळी ते वाढायलाच हवं! जाग आल्यावर साधारण ३० ते ४५ मिनिटांत ते शिखर गाठतं, आणि त्याच्या मदतीने शरीर दिवसाच्या कामाला लागतं. दिवसभर उतरत जाऊन रात्री ते तळाला गेलं की झालं. या चढउताराचं वेळापत्रक सांभाळतो मेंदूतला जेमतेम २० हजार पेशींचा एक ठिपका, आणि तो वेळ जुळवून घेतो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. म्हणून उठल्यावर मी आधी बाहेर जाते. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

बुधवार

काल अर्धवट राहिलेलं. चोवीस तासांचं घड्याळ सगळ्यांनाच असतं, पण पाळी येणाऱ्या बाईला महिन्याचंही एक असतं, आणि सकाळच्या वेळापत्रकांचे सल्ले देणारे त्याचं नावही काढत नाहीत. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर राहतं. झोप लागायला तर शरीर थोडं थंड व्हावं लागतं! याच प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला निवांत करणारा एक घटकही तयार होतो, तो वेगळा. पाळीच्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन हे बायकांचं दुसरं मुख्य हार्मोन, दोन्ही घसरतात, आणि कितीतरी जणींची झोप नेमकी तेव्हाच मोडते. म्हणजे महिन्याच्या एका आठवड्यात सहज जमलेली सकाळ दुसऱ्या आठवड्यात जमत नाही, यात आळस कुठे आला?

चाळिशीनंतर हे घड्याळच डळमळतं. इस्ट्रोजेन एकदा वर, एकदा खाली. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग इतका हळवा होतो की किंचित उष्णता वाढली तरी तो घामाचा हुकूम सोडतो. माझं साडेतीनचं प्रकरण बहुधा हेच.

बाईच्या शरीराचा विचारच न करण्याची हीच तऱ्हा झोपेच्या औषधांचीही. झोल्पिडेम ही गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती पुरुषांपेक्षा हळू बाहेर पडते, सकाळी रक्तात इतकी उरते की गाडी चालवणं धोक्याचं ठरावं. तरी तिथल्या औषध नियामकाने बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला २०१३ साल उजाडलं. मधली वीस-एक वर्षं सकाळी डोकं जड का होतंय, हे किती जणींनी स्वतःच्या स्वभावावर ढकललं असेल! कॅफीनचंही असंच: गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते शरीरात जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळतं. दुपारची कॉफी मग मध्यरात्रीपर्यंत सोबत करते.

आता पाळीच्या टप्प्यांनुसार व्यायामाची कोष्टकं निघाली आहेत. अमक्या आठवड्यात धावा, तमक्यात अंग ताणायचे व्यायाम. नोंद ठेवायला माझी ना नाही, पण त्या काटेकोरपणामागे भक्कम पुरावा मला दिसत नाही. शिवाय 'जमलं नाही'ची आणखी एक यादी कशाला? मी दोनच गोष्टी धरून ठेवल्या आहेत: उठायची वेळ रोज साधारण तीच, आणि उठल्याउठल्या उजेड. बाकी सगळं त्या दिवशीच्या अंगावर. घामाच्या रात्रीनंतर गजर मात्र मी बिनदिक्कत अर्धा तास पुढे सरकवते. फार पुढे नेला तर पुढची रात्रही बिघडते.

सगळंच वयावर ढकलायचं नाही, असंही ठरवलंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. थायरॉइड तपासायचं, लोहाचा साठा बघायचा. लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात आणि झोप उडते. पाळी थांबण्याच्या काळात झोपेत श्वास अडखळण्याचा त्रासही वाढतो. बायकांमध्ये तो बरेचदा नुसता थकवा आणि निद्रानाश म्हणून समोर येतो, म्हणून निसटतो. मी घोरते का, असं घरात विचारलं. सगळे एकदम गप्प झाले. डॉक्टरांना सांगायच्या यादीत तेही लिहिलं.