आधी तोंड कुठे ते सांग

शाळेच्या आठवणी लिहायचं निमंत्रण हाती आलं आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या भूगोलाच्या बाई. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

आठवीतली गोष्ट. नागपूर शहराचा मोठा कापडी नकाशा फळ्यावर टांगला होता. उत्तर कुठे, असं बाईंनी विचारलं आणि मी छताकडे बोट दाखवलं.

"वर काय पाहून राहिलास, बाबू?"

त्यांनी नकाशा उतरवला, आम्हाला मागच्या कडुलिंबाखाली नेलं, नकाशा मातीवर अंथरला आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला येईपर्यंत फिरवला. चार कोपऱ्यांवर चार दगड. मग मला अनवाणी नकाशावरच्या अंबाझरी तलावावर उभं केलं. "आता तू नाग नदी. पूर्वेला, कन्हान नदीकडे तोंड कर. डावा हात वर!" हात उत्तरेकडे होता. "हा डावा काठ. उलट बाजूनं येणाऱ्याला तो उजवीकडे दिसेल, तरी डावाच. डावं-उजवं म्हणायच्या आधी तोंड कुठे ते सांग."

वाऱ्याला विचारायचं कुठून आलास, नदीला विचारायचं कुठे चाललीस, हेही बाईंचंच. म्हणून नैऋत्य मोसमी वारा नैऋत्येकडून येतो आणि पूर्ववाहिनी नदी पूर्वेकडे जाते. मला ते पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

पुढे पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. पेंचचा उजवा कालवा असो की आणखी कुठला, हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी आधी प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून उभं केलं. मुलगी मेडिकलला शिकत असताना तिनं छातीचा एक्स-रे दाखवला. हृदय उजवीकडे झुकलेलं दिसत होतं. मी लगेच म्हटलं, "पेशंटचं तोंड आपल्याकडे आहे." ती बघतच राहिली. सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीला एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला ३२ का, हेही मी नातवाला असंच समजावलं: उतरणाऱ्या विमानाचं तोंड उत्तरेपासून साधारण १४० अंशांवर, दुसऱ्या बाजूनं आलं तर ३२० वर.

हे सगळं बाईंना सांगायचं होतं. निवृत्तीचे पेढे घेऊन जायचं ठरवलं होतं. उशीर झाला.

गेल्या वर्षी शाळेची नवी इमारत पाहिली. देखणी आहे, पण वर्गांच्या खिडक्या सरळ पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी तीनला लेकरं भाजून निघत असतील. जुन्या इमारतीत त्या बाजूला व्हरांडा होता, ऊन तिथंच अडायचं. बाईंनी हा आराखडा कागदावरच अडवला असता. कडुलिंबाच्या जागी आता गट्टू बसवलेत.

तो नकाशा जुन्या सामानात सापडला तर कृपया टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन. ओळखायला सोपा आहे. अंबाझरीवर माझ्या टाचेचा मातीचा डाग आहे. मी पुसायला गेलो तेव्हा बाईंनी पुसू दिला नव्हता.