माझीच बॅकअप फाइल मला नडली तेव्हा

एका क्लायंटचा उबुंटू सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. त्यावर सहा साइट, आणि पहिलीच तक्रार किरकोळ: दुकानाच्या साइटवर मोठे फोटो चढत नाहीत, ४१३ एरर येते. त्यावरचं एनजिनएक्स, म्हणजे साइट लोकांपर्यंत पोहोचवणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर, वेगळं काही सांगितलं नाही तर १ एमबीपेक्षा मोठी रिक्वेस्ट घेतच नाही. साइट्स-एनेबल्ड या चालू साइटच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या दुकान.कॉन्फची प्रत मी तिथेच दुकान.बॅक नावाने ठेवली, मर्यादा २० एमबी केली, सेटिंग तपासणारं एनजिनएक्स -टी चालवलं, 'टेस्ट इज सक्सेसफुल' वाचलं आणि नवी सेटिंग लागू व्हावी म्हणून रीलोड केलं. पुन्हा ४१३.

पुढचे दोन तास मी पीएचपीच्या मर्यादा आणि ब्राउझरचा कॅश यांच्या मागे धावलो. शेवटी मोठ्या टीने, म्हणजे एनजिनएक्स -टी कॅपिटल करून, अख्खं वाचलेलं कॉन्फिगरेशन बाहेर काढलं. त्यात दुकान.बॅक दिमाखात बसली होती! उबुंटूच्या मुख्य फाइलमध्ये साइट्स-एनेबल्डपुढे नुसता तारा (*) असतो; एक्स्टेन्शन काहीही असो, फाइल उचलली जाते. शिवाय फाइल इंग्रजी वर्णक्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे बीची बॅक आधी आणि सीची कॉन्फ नंतर. डोमेन एकच, म्हणून दुसरी बाद. 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम' ही वॉर्निंग टेस्टच्या वेळी आली होती. माझी नजर थेट 'सक्सेसफुल'वर गेली.

त्याच रात्री घर आवरायला घेतलं. खऱ्या फाइल साइट्स-अव्हेलेबल या शेजारच्या फोल्डरमध्ये, डोमेनच्याच नावाने, शेवटी डॉट कॉन्फ. एनेबल्डमध्ये फक्त सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक), तीही पूर्ण पाथ देऊन. अर्धवट पाथ चुकला की लिंक लोंबकळते, म्हणजे नसलेल्या फाइलकडे बोट दाखवते, आणि टेस्टच फसते. ताऱ्यापुढे डॉट कॉन्फ जोडलं. जुन्या प्रती गिटमध्ये (फाइलमधले बदल जपणाऱ्या साधनात) गेल्या, सर्टिफिकेटच्या प्रायव्हेट की मात्र त्यात घेतल्या नाहीत. अनोळखी डोमेनसाठी वेगळी फाइल करून तिला डिफॉल्ट सर्व्हर ठरवलं, ती ४४४ देऊन कनेक्शन तोडते. नाहीतर पहिली वाचलेली साइटच पाहुण्यांना दिसते.

एसएसएल (एनक्रिप्शन) आणि सिक्युरिटी हेडर (ब्राउझरला सुरक्षेच्या सूचना देणाऱ्या ओळी) स्निपेट्समध्ये, म्हणजे हव्या त्या साइटला जोडता येणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, काढले. इथे आणखी एक ठेच लागली: एका लोकेशनमध्ये, म्हणजे साइटच्या ठरावीक पत्त्यांसाठीच्या सेटिंगच्या भागात, कॅशसाठी ॲड-हेडरची एक ओळ होती, तेवढ्याने वरून येणारे सगळे हेडर तिथे गायब झाले. वारसा मिळतो तो स्वतःचं काहीच नसेल तर. त्या लोकेशनमध्ये स्निपेट पुन्हा इन्क्लूड करावं लागलं.

आता टेस्टचा एकेक शब्द वाचतो, मग रीलोड. रीस्टार्ट नाही, कारण रीलोडमध्ये चूक निघाली तरी जुने वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) चालू राहतात. फोटो चढले. क्लायंटने विचारलं, 'एवढ्याशा आकड्याला दोन तास?' मी बिल अर्ध्या तासाचंच लावलं.