हाऊसफुल्लच्या पाटीमागच्या चार खुर्च्या

पैसे खात्यातून गेले, तिकीट आलं नाही, आणि मी निवडलेल्या चार खुर्च्या प्लॅनवर, म्हणजे खुर्च्यांच्या नकाशावर, करड्या होऊन बसल्या. मला त्या मिळाल्या नाहीत आणि दुसऱ्या कुणालाही घेता येईनात. वर्षानुवर्षं चाललेलं एक संगीत नाटक बंद होणार होतं, त्याच्या निरोपाच्या प्रयोगाचं तिकीट काढताना हे झालं. शेवटी चौघांनी आत बसून नाटक पाहिलं, तरी मधल्या साडेचार दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून तपशिलात लिहिते आहे. नाटकाचं, नाट्यगृहाचं आणि तिकीटविक्रीच्या संकेतस्थळाचं नाव घालत नाही. एकाला दोष देऊन उपयोग नाही, व्यवस्थाच अशी आहे.

तारीख कळणं सोपं असतं. वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात आणि निर्मात्याचं समाजमाध्यमावरचं पान, एवढं रोज पाहिलं की पुरे. जाहिरात मात्र कापून ठेवा. तिच्यात खाली बारीक अक्षरात संपर्काचा मोबाइल नंबर असतो आणि पुढे त्याच एका नंबराचा उपयोग होतो.

आपल्याकडे ठाण्यात तलावपाळीचं गडकरी रंगायतन, घोडबंदर रस्त्याकडचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह ही नेहमीची ठिकाणं. निरोपाचे प्रयोग बहुधा यांत वाटून लागतात. तिन्ही ठिकाणचे प्रयोग जाहीर झाले असतील तर अगदी शेवटच्या प्रयोगामागे धावू नका, त्याच्या आदल्याचं तिकीट काढा. शेवटच्याला निमंत्रित जास्त असतात, म्हणजे विक्रीला खुर्च्या कमी. शिवाय पडदा पडल्यावर मनोगतं आणि सत्कार होतात. गाणं ऐकायला आदला प्रयोग जास्त निवांत. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी नऊला ऑनलाइन प्लॅन उघडला. नऊ वाजून तीन मिनिटांनी सातव्या रांगेतल्या चार सलग खुर्च्या निवडल्या, पाचशे रुपयांच्या. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्यापुढे तो लागतो, म्हणून बहुतेक नाटकांचा वरचा दर पाचशेवर थांबलेला दिसतो. ऑनलाइन घेताना वर सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरचा कर पडतो. खिडकीवर हे दोन्ही पडत नाहीत. यूपीआयनं पैसे दिले, बँकेचा संदेश आला आणि संकेतस्थळाच्या पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे चूक टळेल. खुर्ची निवडून तुम्ही पैसे भरायला जाता तेव्हा ती काही मिनिटांसाठी तुमच्या नावावर अडवून ठेवलेली असते. तेवढ्या वेळात 'पैसे मिळाले' असा निरोप संकेतस्थळाकडे पोचला तर तिकीट निघतं, आणि 'व्यवहार फसला' असा निरोप आला तर खुर्ची मोकळी होते. तिसरी शक्यता अशी की निरोपच येत नाही आणि व्यवहार 'प्रलंबित' राहतो. एरवी मिनिटांत सुटणारी खुर्ची तेव्हा अडकून पडते, कारण पैसे आले की नाहीत हे कुणालाच ठरवता येत नाही. सकाळी नऊला हजारो लोक एकाच वेळी बटण दाबत असतात, अशा वेळी नेमकं हेच होतं.

पहिली चूक तिथेच होते. घाबरून माणूस लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि मग दोन व्यवहार अडकतात. मी भरले नाहीत, ते बरं झालं. तेव्हा करायचं एवढंच: खुर्चीक्रमांक दिसतात त्या पडद्याचं छायाचित्र काढायचं, बँकेच्या संदेशातला किंवा ॲपमधला बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून ठेवायचा, आणि त्याच ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवायची. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून गेले आणि त्याच्यापर्यंत पोहोचल्याची खातरजमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. पैसे बुडणार नाहीत, एवढं यातून नक्की होतं. पण निरोपाचा प्रयोग शनिवारी रात्री असताना ती मुदत रविवारी संपते, याचा काय उपयोग?

संकेतस्थळाला लिहिलं. 'अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळेल' असं यांत्रिक उत्तर आलं. मंगळवारी संध्याकाळी खिडकी उघडल्यावर नाट्यगृहावर गेले. सकाळी थोडे तास आणि संध्याकाळी थोडे तास, अशी खिडकीची वेळ असते. दुपारी जाऊन हेलपाटा घेऊ नका. काचेमागे कागदाचा प्लॅन होता. रांगा आडव्या, खुर्च्या चौकोनांत, विकलेल्यांवर पेन्सिलीची तिरकी रेघ, आणि मधल्या पट्ट्यातल्या चौकोनांवर हिरव्या शाईची चौकट. माझ्या चारही खुर्च्या हिरव्यात. "हिरवं म्हणजे ऑनलाइन, त्याला आम्ही हात लावत नाही," एवढंच उत्तर मिळालं. नाट्यगृहाच्या कार्यालयात गेले, तर ते म्हणाले की तिकिटांशी त्यांचा संबंध नाही. बुधवारी पुन्हा तेच. खिडकीवाले संकेतस्थळाकडे बोट दाखवतात, संकेतस्थळ बँकेकडे, बँक म्हणते पाच दिवस थांबा. चार माणसांच्या खुर्च्या नकाशावर रिकाम्या दिसतात आणि त्या देऊ शकणारा एकही माणूस समोर येत नाही, याचा मनस्ताप मोठा असतो.

तिढा कुठे होता, ते गुरुवारी कळलं. नाट्यगृह निर्मात्याला त्या सत्रासाठी भाड्यानं दिलेलं असतं. तिकीट नाट्यगृहाचं नसतंच, ते नाट्यसंस्थेचं असतं. कुठल्या रांगा ऑनलाइन द्यायच्या, कुठल्या खिडकीवर, कुठल्या निमंत्रितांसाठी मागे ठेवायच्या, हे सगळं संस्थेच्या बाजूनं ठरतं आणि ते सांभाळणारा माणूस म्हणजे नाटकाचा व्यवस्थापक. जाहिरातीतला बारीक अक्षरातला नंबर बहुधा त्याचा किंवा त्याच्या हाताखालच्याचा असतो. मी तीन दिवस चुकीची दारं ठोठावत होते. गुरुवारी दुपारी फोन लावला, बारा आकडी क्रमांक आणि खुर्च्या सांगितल्या, आणि पहिल्यांदा सरळ उत्तर मिळालं: "अडकलेल्या खुर्च्या संकेतस्थळ सोडेल तेव्हा सुटतील, ते माझ्या हातात नाही. पण राखीवपैकी काही उरतात. शनिवारी साडेसातला खिडकीवर या." फोन दुपारी करा. सकाळी ही मंडळी प्रवासात असतात, संध्याकाळी प्रयोगात.

आणि आता सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास पैसे पूर्ण परत आले, सुविधा शुल्कासकट. संदेश पाहिला, बरं वाटलं, फोन बाजूला ठेवला. तासाभरानं सहज प्लॅन उघडला तर माझ्या चार खुर्च्या विकल्या गेलेल्या. व्यवहार फसल्याचं नक्की झालं त्याच सुमारास त्या मोकळ्या झाल्या असणार, आणि ज्यानं त्या वेळी पान उघडलं त्याला मिळाल्या. म्हणून हे ठळक अक्षरात वाचा: पैसे परत आल्याचा संदेश दिसला की त्याच मिनिटाला प्लॅन उघडा. खुर्च्या सुटल्या हे ना बँक कळवते ना संकेतस्थळ.

हाऊसफुल्लची पाटी लागली म्हणजे खुर्च्या संपल्या असं नाही. विक्रीच्या खुर्च्या संपल्या, एवढाच तिचा अर्थ. मागे ठेवलेल्यांपैकी काही पासवाले येत नाहीत, काही प्रायोजक दहा मागून सहा वापरतात. या खुर्च्या प्रयोगाआधी तासभर ते अर्धा तास सुटतात आणि खिडकीवरच सुटतात, ऑनलाइन दिसत नाहीत. शनिवारी साडेआठच्या प्रयोगाला मी सातला उभी राहिले, माझ्यापुढे अकरा जण होते. सात पस्तीसला पहिली यादी आली. 'चार एकत्र द्या' म्हणणाऱ्या पुढच्या दोघांना नकार मिळाला, कारण सुटतात त्या सुट्या आणि जोड्या. मी 'दोन आणि दोन, कुठेही' म्हटलं. अकराव्या रांगेत दोन आणि बाल्कनीच्या पहिल्या रांगेत दोन मिळाल्या. सुटे पैसे जवळ ठेवा; त्या गर्दीत यूपीआय पुन्हा फिरत बसलं तर मागचा माणूस थांबणार नाही.

जोड्या वाटताना गुडघे दुखणाऱ्यांना खाली बसवा, बाल्कनीला जिने चढावे लागतात. संगीत नाटकाला मात्र बाल्कनीची पुढची रांग कमी दर्जाची समजू नका. वरून गाणं आणि साथ एकजीव ऐकू येते. अगदी पहिल्या रांगेत तबला गाण्यावर चढतो. तळमजल्यावर बाल्कनीच्या छताखाली आलेल्या मागच्या रांगांत आवाज दबतो, तिथलं तिकीट पूर्ण दरानं घेऊ नये. पाचवी ते दहावी रांग, मधला पट्टा, ही उत्तम जागा. चेहरेही दिसतात.

तिसऱ्या घंटेच्या वीस मिनिटं आधी आत जाऊन बसा. निरोपाच्या प्रयोगाला हे चुकवू नये. ऑर्गनवादक पायानं भाता भरून षड्ज, म्हणजे 'सा', धरतो. पेटीसारखा एक हात भात्यात अडकत नाही, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. त्या लांबलेल्या सुरावर तबलजी गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, हातोडीचे बारीक ठोके देत, बोटानं चाट, म्हणजे कड, वाजवून पाहत, तबला सुरात आणतो. बाहेरच्या दमट हवेतून थंड सभागृहात आलेला तबला सुरातून हलतो, म्हणून मध्यंतरानंतर हे पुन्हा ऐकू येतं. अंधार झाला, नांदी सुरू झाली आणि तो भरलेला सूर अंगावर आला, तेव्हा साडेचार दिवसांचा शीण खरंच गेला.

घरी परतायचं आधी ठरवून ठेवा. निरोपाच्या प्रयोगाला पदापदाला वन्समोअर होतो आणि साडेआठचं नाटक ठरल्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास पुढे जातं. घोडबंदर रस्त्यावर तेव्हा रिक्षा मिळवताना दमछाक होते. तलावपाळीवरून ठाणे स्टेशन चालत गाठता येतं. गाडी आणलीत तर ती उभी करायलाच पहिला अंक जाईल. वाशीला रविवारी दुपारचा प्रयोग असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक पाहा. हार्बर आणि ट्रान्स हार्बरवर तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो, म्हणजे नेमका तुमच्या जाण्याच्या वेळेला.

तिकिटाचं राहिलंच. खिडकीवरचं छापील तिकीट जपून ठेवायचं असेल तर डोअरकीपरला आधीच सांगा, "दादा, कडेनं फाडा." नाटकाचं नाव आणि तारीख असलेला भाग तुमच्याकडे राहतो. यंत्रातून निघालेलं गुळगुळीत कागदाचं तिकीट असेल तर त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा. त्याची शाई उष्णतेनं उमटलेली असते, प्लॅस्टिकच्या पाकिटात काही महिन्यांत फिकी होते. अकराव्या रांगेची दोन्ही तिकिटं तशीच होती. त्यांची झेरॉक्स काढून मी ती वहीत लावली आहे.