फोंड्याहून पणजीपर्यंत: जुने हुकूम शोधत एक दिवस (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

खूप दिवस डोक्यात होतं की गोव्यात आजवर ज्यांनी ज्यांनी राज्य केलं त्यांनी लोकांना हुकूम कसे कळवले ते जागेवर जाऊन बघायचं. पुस्तकात तारखा वाचतो आपण, पण तो दगड कुठे उभा होता, तो कागद कुणासमोर वाचला, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही असं मला वाटतं. काका बरोबर आले. त्यांना जुनी अक्षरं वाचायची हौस आहे आणि आम्ही फोंड्याचेच, म्हणून सुरुवात घराजवळून, बांदोड्याच्या नागेशीपासून केली.

नागेशी देवळाच्या आवारात 1413 सालचा शिलालेख आहे. विजयनगरच्या देवरायाचा काळ, आणि माई शेणै वागळे यांनी नागेश आणि महालक्ष्मी या देवस्थानांना दिलेल्या दानाची नोंद नागरी अक्षरांत कोरलेली. म्हणजे दान दिलं ते सगळ्यांसमोर, कायमचं, जिथे माणसं रोज येतात तिथेच जाहीर केलं. सहाशे वर्षं होऊन गेली तरी लेख आपल्या जागी आहे, माणसं नमस्कार करून शेजारून जातात. मला तर तिथून हलवेना. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात, दुपारी काहीच दिसत नाही. दगडावर पाणी, खडू, हळद काही लावू नका, फोटो बाजूने काढा. चपला बाहेर आणि कपडे साधे, देऊळ आहे ते. तळी पण बघा, सुंदर आहे.

आता फोंड्याचीच गोष्ट आहे म्हणून इथे थोडा थांबतो. 1683 मध्ये पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय (म्हणजे राजाच्या वतीने गोव्यावर राज्य करणारा) कोंदि द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला आणि त्याला माघार घ्यावी लागली, मग संभाजीराजांची फौज थेट जुन्या गोव्याच्या दारात, जुवे बेटापर्यंत पोचली. घाबरलेल्या व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या हातात नेऊन ठेवला असं सांगतात. आणि त्याच व्हाइसरॉयने 27 जून 1684 ला हुकूम काढला की इथल्या लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं! याच्या चार वर्षांनी, 1688 मध्ये, फोंडा तालुक्यात हडकोळण इथे संभाजी महाराजांच्या राज्यातला मराठी शिलालेख कोरला गेला आणि तो कराच्या माफीचा आहे. दोन्ही सरकारी हुकूमच, मधे चार वर्षं आणि एक नदी. एक लोकांची जीभ बदलायला निघालेला आणि दुसरा ज्यांचा कर माफ झाला त्यांनाच वाचता येईल अशा भाषेत. काका हे सांगताना जरा गप्प झाले, मलाही भरून आलं.

फोंड्याहून पणजीच्या बसने जुन्या गोव्याला उतरायचं, बस सारख्या असतात. आम्ही शुक्रवारी निघालो ही चूक झाली, कारण पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि व्हाइसरॉयांची रांगेने लावलेली चित्रं बघायची राहिली. हुकूम काढणाऱ्यांचे चेहरे तिथे आहेत, तुम्ही दुसरा वार धरा. नोव्हेंबरच्या शेवटापासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्तापर्यंत (उत्सवापर्यंत) प्रचंड गर्दी असते, तेव्हा या कामासाठी नका जाऊ.

तिथे पहिल्यांदा नदीकडे चालत जा, दिवाडीच्या फेरीच्या वाटेवर व्हाइसरॉयची कमान लागते. नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून शहरात शिरायचा. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कू द गामा याने ती बांधवली, आताची मात्र 1954 ची दुरुस्ती आहे. आतल्या बाजूला एक लेख आहे तो बहुतेक जण बघतच नाहीत, पोर्तुगाल 1640 मध्ये स्पेनच्या सत्तेतून सुटला आणि दों जुआंव चौथा राजा झाला त्याचा. तिकडे युरोपात राजा बदलला त्याची द्वाही इथे मांडवीच्या काठावर दगडात! फेरी चालत जाणाऱ्यांना फुकट आहे, पाण्यातून कमान बघायला मिळते, जरूर जा.

मग से कॅथेड्रल. समोरच्या मोकळ्या जागेत इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता, लोक त्याला व्हडलें घर म्हणायचे, आता काही शिल्लक नाही, नुसती हिरवळ. इन्क्विझिशन 1560 ला सुरू झालं, 1774 ला थांबलं, परत आलं आणि 1812 ला कायमचं गेलं. 14 एप्रिल 1736 चा त्यांचा जाहीरनामा मी वाचला आहे भाषांतरात. बाटलेल्या लोकांनी लग्नात ओव्या म्हणू नयेत, दारात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, भात मिठाशिवाय शिजवू नये. म्हणजे हुकूम थेट चुलीवरच्या भांड्यापर्यंत गेलेला. त्या हिरवळीवर उभं राहून मला आजीची लग्नातली ओवी आठवत राहिली, अशा ओव्यांवर कुणाला शिक्षेची भीती घालता येते हे डोक्यात जाईना.

तिथून पणजी 10 एक किलोमीटर. पुराभिलेख खातं, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात ते, रुआ द ओरें या रस्त्यावर, फोंतेंयश या जुन्या वस्तीच्या लगत, त्याची सुरुवात 1595 ची आणि पहिला रखवालदार पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु. कामाच्या दिवशीच जा, आधार कार्ड आणि विषय लिहिलेला साधा अर्ज घेऊन, पेन नको पेन्सिल न्या. 1821 मध्ये 'गॅझेटा द गोवा' निघालं आणि तेव्हापासून हुकूम छापून यायला लागले, 1837 पासून सरकारी 'बोलेतीं', म्हणजे राजपत्र. पोर्तुगीज येत नसेल तर जाणकार बरोबर असलेला बरा, आम्ही दोघं अर्ध्या तासात दमलो.

परतीच्या बसमध्ये काकांनी 19 डिसेंबर 1961 ची गोष्ट काढली. गोव्याच्या मुक्तीसाठी सहा वर्षं गुप्त रेडिओ चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो विमानात बसून गोव्यावर फिरले, भोंग्यातून सांगत होते की गोवा मुक्त झाला, खाली पत्रकं पडत होती. काका तेव्हा सात वर्षांचे, म्हणाले घरचे सगळे अंगणात येऊन वर बघत होते, आणि पुढचं सांगता सांगता त्यांचा आवाज बसला, मग फोंडा येईपर्यंत आम्ही कुणीच काही बोललो नाही.