दादा म्हणाला, सगळं खोटं वाटतं

काल दादाला ‘द नाइट ऑफ द हंटर’ दाखवला. अर्ध्यातच त्याने मोबाइल काढला. संपल्यावर म्हणाला, “बरा आहे गं, पण सगळं खोटं वाटतं. सेट कळतात.” मी काहीच बोलले नाही. रात्रभर मात्र ते डोक्यातून जाईना.

खोटं आहेच ना. १९५५ चा कृष्णधवल चित्रपट, बराचसा स्टुडिओत उभा केलेला. मुलं गवताच्या माळ्यावर लपलीत आणि पार लांब क्षितिजावरून त्यांच्या मागावरचा खुनी पाद्री घोड्यावर गात चाललाय. तिथे ते काम करणारा रॉबर्ट मिचम नाहीच. अंतर मोठं वाटावं म्हणून एका बुटक्या माणसाला तट्टावर बसवलंय. हे ठाऊक असूनही त्या पोराबरोबर माझा श्वास अडकतो. घाबरलेल्या मुलाला जग असंच दिसतं, सावल्या माणसांपेक्षा मोठ्या. नदीच्या तळाशी गाडीत बसलेली मुलांची मेलेली आई, पाणगवताबरोबर हलणारे तिचे केस, तोही पुतळाच. पण दादाला तिथेसुद्धा काही वाटू नये? आमच्या घरात वाढून? जाऊ दे, तो विषय नको.

मला दिग्दर्शकाचं, चार्ल्स लॉटनचंच वाईट वाटत राहिलं. पडद्यावर कॅप्टन ब्लाय, क्वासिमोदो अशा गाजलेल्या भूमिका करणारा एवढा मोठा नट. आपण कुरूप आहोत ही सल आयुष्यभर बाळगलेला. दिग्दर्शक म्हणून हा एकच चित्रपट. त्यासाठी त्याने जुन्या अमेरिकन दिग्दर्शकाचे, ग्रिफिथचे मूकपट पुन्हा बघितले आणि त्यातल्याच नटीला, लिलियन गिशला, त्या बंदूक घेऊन पोरांची राखण करणाऱ्या म्हातारीचं काम दिलं. चित्रपट पडला. पुढचा ठरवलेला दुसऱ्याकडे गेला. १९६२ मध्ये तो वारला, पुन्हा दिग्दर्शन न करताच. त्यालाही कुणी असंच म्हणालं असेल का, बरा आहे, पण खोटा वाटतो?

आणि मी. जे जिवापाड आवडतं ते माणसांपुढे ठेवायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. दर वेळी तेच. काल तर रडूच यायचं बाकी होतं.

आज दुपारी जरा निवळलं. लॉटनच्या चित्रीकरणाच्या न वापरलेल्या फिती त्याच्या बायकोने, एल्सा लँचेस्टरने, जपल्या होत्या. २००२ मध्ये त्यांचा माहितीपट झाला. त्यात कॅमेरा चालूच असतो आणि बाजूने लॉटनचा आवाज येतो. नटाला वाक्य देतो, पुन्हा म्हणायला लावतो, आणखी एकदा. जीव ओतलाय त्या आवाजात. चित्रपट चालेल की पडेल, हे त्या क्षणी त्याच्या गावीही नसावं. दादाला नाही आवडला, तर नाही आवडला. त्याने कुठे आवडून घेण्याचा शब्द दिला होता?

रविवारी तो येईल तेव्हा पोहे करीन, मॅच लावून देईन. लॉटन मी माझी एकटी बघेन.