'रिव्हॉल्व्हर'च्या पाठीवरचं नाव: लंडनमधले तीन दिवस

बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'रिव्हॉल्व्हर' या रेकॉर्डचं पुढचं कव्हर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. क्लाऊस फोरमननं काढलेलं, केसांच्या जंजाळातून डोकावणारे चार चेहरे. माझा जीव मात्र मागच्या कव्हरवर. तिथे गॉगल लावलेल्या चौघांचा काळापांढरा फोटो आहे, गाण्यांची यादी आहे, आणि चौथ्या गाण्यापाशी, 'लव्ह यू टू'पाशी, बारीक अक्षरात लिहिलंय: अनिल भागवत, तबला.

आडनाव वाचलं की गाव विचारायची आपली खोड. कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा "सदाशिव पेठेतले का?" असंच तोंडून निघालं होतं. पुढे लक्षात आलं की नाव छापलंय हीच मोठी गोष्ट आहे. त्याच रेकॉर्डवर 'एलिनॉर रिग्बी'त व्हायोलिन, व्हियोला, चेलो धरून आठ जण वाजवतात आणि 'गॉट टू गेट यू इन्टू माय लाईफ'मध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले पाच जण. कव्हरवर त्यांच्यापैकी कुणीच नाही. बाहेरून बोलावलेल्या वादकांत नाव मिळालं ते भागवतांना आणि हॉर्न वाजवणाऱ्या ॲलन सिव्हिलना. आपल्याकडे तर हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या किती वादकांनी आयुष्य घातलं, पण रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव आणि बाकी सगळे 'आणि पार्टी'.

गेल्या मे महिन्यात भाच्याकडे वेम्बलीला जाणं झालं तेव्हा तीन दिवस या नावामागे काढले. माणूस शोधायचा म्हणजे त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, हे निघतानाच ठरवलं होतं. मला त्यांची एक संध्याकाळ शोधायची होती, ११ एप्रिल १९६६ची.

त्या संध्याकाळची हकीकत भागवतांनीच सांगून ठेवली आहे. मार्क लुईसन यांनी बीटल्सच्या एकेका रेकॉर्डिंगचा हिशोब मांडणारं पुस्तक १९८८ साली काढलं, त्यात ती आहे. अंगडी नावाच्या गृहस्थांचा फोन आला, आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज, पत्ता नाही. न्यायला दारात रोल्स रॉईस उभी राहिली तेव्हा उजेड पडला. स्टुडिओबाहेर थर्मास आणि सँडविचं घेऊन पोरी ताटकळत होत्या. आत बीटल्सच्या चौघांपैकी जॉर्ज हॅरिसननं सांगितलं की रविशंकरांच्या धर्तीचं सोळा मात्रांत काहीतरी वाजवा, बाकी तुमच्या मनानं. गाण्याचं नावही तेव्हा ठरलेलं नव्हतं. कागदावर 'ग्रॅनी स्मिथ' या सफरचंदाच्या नावानं काम चाललं होतं.

म्हणून पहिला दिवस स्टुडिओचा. इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. लंडनमध्ये 'ॲबी रोड' नावाचं एक स्टेशन आहे, पण ते डीएलआर या हलक्या रेल्वेवर, पार पूर्वेला, स्ट्रॅटफर्डजवळ. त्याचा स्टुडिओशी काडीचा संबंध नाही. चुकून येणारे इतके की त्यांना योग्य रस्ता सांगणारी पाटी तिथे लावावी लागली आहे. तुम्ही ज्युबिली लाईननं सेंट जॉन्स वुडला उतरा, तिथून पाचेक मिनिटं चालत. स्टुडिओ आत जाऊन बघता येत नाही, शेजारी दुकान आहे ते बघा. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर जगभरचे लोक नावं लिहून जातात आणि भिंत अधूनमधून पुन्हा पांढरी होते. मी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमच्या कव्हरवरच्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटोसाठी झुंबड असते, १३९ आणि १८९ नंबरच्या बसचे ड्रायव्हर वैतागलेले असतात. सकाळी आठच्या आत गेलात तर निवांत. आणखी एक, १९६६ साली याला कुणी ॲबी रोड स्टुडिओ म्हणत नसे. तो इएमआय या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ. आजचं नाव १९६९च्या त्याच अल्बममुळे चिकटलं.

दुसऱ्या दिवशी फिंचली, आणि तिथे मी स्वतःच शेण खाल्लं. 'फिंचली रोड' या स्टेशनावर उतरलो. स्वस्थपणे कॉफी प्यालो, मग नकाशा उघडला तर फिंचली अजून कितीतरी दूर. फिंचली रोड म्हणजे फिंचलीकडे जाणारा रस्ता, आपल्याकडच्या पुणे-सातारा रोडसारखा. त्यावर उभं राहिलं म्हणजे सातारा आलं असं होत नाही. तुम्हाला हवं ते 'फिंचली सेंट्रल', नॉर्दर्न लाईनवर. या लाईनला कॅम्डन टाऊनपाशी फाटे फुटतात, तेव्हा गाडीवर 'हाय बार्नेट' लिहिलेलं बघूनच चढा. 'एजवेअर'च्या गाडीत बसलात तर माझ्यासारखीच दुसरी कॉफी.

फिंचली सेंट्रलहून वीसेक मिनिटं चाललं की फिट्झॅलन रोड लागतो. कुंपणं, लाल विटा, कचऱ्याचे डबे रांगेत, दुपारी माणूस नाही. फोन करणारे ते अयाना अंगडी इथे राहत. मूळचे उत्तर कर्नाटकातले. त्यांनी आणि त्यांच्या चित्रकार पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ साली 'एशियन म्युझिक सर्कल' काढलं, आशियाई संगीत ब्रिटनमध्ये पोचवणारी संस्था. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन त्याचे अध्यक्ष. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा योग ब्रिटनमध्ये रुजवण्यातही या मंडळींचा हात होता. १९६५च्या ऑक्टोबरात 'नॉर्वेजियन वुड' या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी जॉर्जच्या सतारीची तार तुटली, नवी तार मागायला फोन गेला तो याच घरी. जून १९६६मध्ये जॉर्ज आणि रविशंकर यांची ओळख झाली तीही अंगडींकडेच. म्हणजे 'लव्ह यू टू' वाजवून झालं तोवर जॉर्ज रविशंकरांना भेटलाही नव्हता. मला हे तिथे फुटपाथवर उभं असताना पहिल्यांदा नीट उमगलं. रविशंकरांच्या धर्तीचं वाजवा म्हणणाऱ्यानं रविशंकरांना तोवर दुरूनच ऐकलेलं होतं, आणि समोर बसून हातानं वाजवणारा माणूस म्हणजे भागवत.

घरात आता दुसरे लोक राहतात. बेल वाजवू नका, फोटोही समोर उभं राहून काढू नका. गल्लीतून एक फेरी मारा, पुरे.

तिसऱ्या दिवशीचा बराच वेळ ब्रिटिश लायब्ररीत गेला, त्यात सांगण्यासारखं थोडंच. किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनला लागून आहे. बीटल्सच्या हातच्या गीतांचे कागद तिथे फुकट बघायला मिळतात. ध्वनिसंग्रहातलं काही ऐकायचं असेल तर वाचकाचा पास लागतो. तो फुकट आहे, पण घरचा पत्ता असलेलं मूळ कागदपत्र सोबत न्या आणि आधी मेल टाकून खात्री करा. तिथून सोहोत बर्विक स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डींची दुकानं आहेत. 'रिव्हॉल्व्हर'ची पहिली मोनो छपाई पीएमसी ७००९ या नंबरची, काळ्या लेबलवर पिवळी अक्षरं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण दुकानदारानं कव्हर हातात दिलं. अंगठ्यानं भागवतांचं नाव चाचपून पाहिलं. लॅमिनेशन थोडं सुटलं होतं.

संध्याकाळी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ पासूनची संस्था आहे. इथे जाताना आधी कळवून जा, कार्यक्रम नसेल तर दार बंद असू शकतं. त्या दिवशी सुदैवानं भजनाची तालीम होती. ऐंशीच्या घरातले एक काका तबला गवसणीत भरत होते. साठच्या दशकात इकडे आलेले. मी उत्साहानं बीटल्स वगैरे सांगायला लागलो.

"अहो, आम्हाला तेव्हा फक्त ओव्हरटाइम माहीत," ते म्हणाले. "बघू, ऐकवा."

फोनला इयरफोन लावून दिले. पहिलं अर्धं मिनिट सतार एकटी, तालाशिवाय. काकांच्या भुवया वर गेल्या. "हा तर आलाप घेतोय की!" मग ठेका आला आणि त्यांची बोटं आपोआप मांडीवर पडायला लागली. टाळी, खाली, टाळी. ओठांनी मोजत होते. शेवटी लय चढली तशी बोटंही चढली आणि गाणं संपल्यावर हात तसाच हवेत राहिला.

"सोळाच आहेत," म्हणाले. "आणि घाबरलेला नाहीये. परत लावा."

चार वेळा ऐकलं त्यांनी. काकूंनी दोनदा गाडीची किल्ली वाजवून दाखवली.

याच्याच पुढच्या वर्षीची गोष्ट वेगळी आहे. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बममधल्या 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यासाठी १५ मार्च १९६७ रोजी म्युझिक सर्कलमधूनच वादक गेले, पण कव्हरवर नावं आली नाहीत. अॅना जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर, हे जगासमोर यायला २०१७ उजाडलं आणि लिव्हरपूलच्या विद्यापीठातल्या लोकांना खटपट करावी लागली. म्हणून तुम्हाला असा एखादा वादक शोधायचा असेल तर आधी कव्हर बघा, मग त्या दिवसाच्या स्टुडिओच्या नोंदी, मग वादकांना फोन कुणी केला तो मध्यस्थ शोधा. वादकापेक्षा मध्यस्थाचा माग लवकर लागतो.

व्हिसा, तिकीट जमत नसेल तर मुंबईतच एक फेरी सांगतो. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज इथे येऊन रेकॉर्डिंग करून गेला, फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल बिल्डिंगमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. सरोदवर आशिष खाँ, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. दोन ट्रॅकचं मशीन एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणलं होतं. त्यातून 'वंडरवॉल म्युझिक' हा अल्बम निघाला आणि 'द इनर लाईट' हे गाणंही. स्टुडिओ वर, खाली कचेऱ्या. आवाज अडवायची धड सोय नव्हती, टॅक्सींचे आवाज रेकॉर्डिंगात शिरत, आणि साडेपाचला ऑफिस सुटलं की जिन्यातल्या पावलांमुळे वाजवणं थांबवावं लागे, असं जॉर्जनंच सांगितलं आहे. सीएसएमटीहून चालत जा, आणि सकाळी नको, पाच-वीसला पोचा.