हॅरिस पार्कच्या गणपतीतली पाच मिनिटं

सिडनीच्या हॅरिस पार्क वस्तीत गणपती येतात तेव्हा थंडी नुकती सरत असते आणि अंगणं अजून पिवळीच असतात. दूर्वा इथेही आहेत, अगदी आपलीच जात. इथे तिला काउच ग्रास म्हणतात आणि हौसेने लावतात, पण हिवाळ्यात ती सुकून जाते. भिंतीच्या उबेला आणि नळाच्या ओलीला तेवढी चार पाती हिरवी राहतात. आमच्या मंडळाला अशी जागा सापडली ती मॅरियन स्ट्रीटजवळ राहणाऱ्या एका लेबनीज आजींच्या परसात. आमची मुलं त्यांना त्यांच्याच भाषेत 'तेता' म्हणायची. एकवीस दूर्वांची जुडी तेता स्वतः वाकून खुडायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत, वर्षाचा हिशेब हे सगळं दरवर्षीसारखं होतं. मी वाट बघते ती आरतीनंतरच्या पाच मिनिटांची. मराठी शाळेतलं एक मूल उठतं आणि आपल्या वस्तीची गोष्ट सांगतं. सुरुवात ठरलेली, इथल्या मूळ रहिवाशांना मान देणारी: "ही जमीन दारुग लोकांतल्या बुरामत्तागलांची. बुरामत्ता म्हणजे वाम माशांची जागा. त्यांच्या थोरामोठ्यांना आमचा नमस्कार." इथे जन्मलेल्या मुलांची जीभ 'थोरामोठ्यां'पाशी हमखास अडखळते. मूल पुन्हा पहिल्यापासून म्हणतं, आणि मला तिथेच भरून येतं. वीस वर्षं झाली, अजून येतं.

पुढची गोष्ट ज्याची त्याने रंगवायची. कुणी जेम्स रूझ होतो. शिक्षा भोगून सुटलेला हा माणूस, त्याला गव्हर्नर फिलिपने 1789 मध्ये सांगितलं, शेती करून पोट भरून दाखव, जमीन तुझी. त्याने दाखवलं, आणि इथल्या ब्रिटिश वसाहतीतली पहिली तीस एकरांची सनद इथेच मिळाली. पुढे 1793 मध्ये ती जमीन सर्जन जॉन हॅरिसने घेतली, त्याच्यावरून वस्तीचं नाव. तिथला बंगला आजही उभा आहे, पुढे ओसरी असलेला, हिंदुस्थानी धाटणीचा. एका वर्षी एक मुलगी नऊवारी नेसून एलिझाबेथ मॅकार्थर झाली होती. नवरा 1809 ते 1817 परदेशी अडकलेला, आणि मेरिनो मेंढ्यांचा सगळा कारभार या बाईने एकटीने रेटला. पदर खोचून ती म्हणाली, "कळप माझा, हिशेबही माझा." त्या वर्षीच्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

मग गोष्टीत लेबनीज येतात, त्यांचं अवर लेडी ऑफ लेबनॉन चर्च येतं, स्टेशनजवळचे विटांचे फ्लॅट येतात आणि एका खोलीत चौघं राहणारे आपले विद्यार्थी येतात. विग्रॅम स्ट्रीटवरच्या जुन्या घरांतून डोशाचा वास सुटायला लागतो. 2023 च्या मे महिन्यात भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी 'लिटल इंडिया'च्या कमानीच्या कोनशिलेचं अनावरण केलं, तेही मुलं सांगतात, पण माझा जीव 2009 मध्ये अडकलेला आहे. त्या जूनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध आपली पोरं इथेच रात्री रस्त्यावर उतरली. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बघणं सोडलं. बोटं लेबनीज घरांकडे वळत होती. 23 ऑगस्टला गणपती बसले, आणि दूर्वांसाठी तेतांचं दार कसं वाजवायचं हेच आम्हाला कळेना. सकाळी आठला त्याच आल्या. एका हातात जुडी, दुसऱ्या हातात मामूलचं ताट. रव्याची पारी, आत खजूर, साच्यातून काढलेलं. काकूंनी एक चाखलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली करंजीच!" ताट रिकामं कसं द्यायचं? मोदक भरून दिलं.

एक मात्र बोलतेच. लांब मोठी घरं घेऊन गेलेली मंडळी आरतीला येतात, प्रसाद घेतात आणि गोष्ट सुरू व्हायच्या आत गाडीकडे निघतात. गेल्या वर्षी सात वर्षांचा मुलगा बोलायला उभा राहिला तेव्हा मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या. त्याने त्या बघितल्या. मला ते फार लागलं.

राबणाऱ्यांची आठवण राहून जायला नको. पहाटे चारला उकड काढणाऱ्या डोंबिवलीच्या काकू, त्यांना नारळ खवून देणारे काका, दरवर्षी मखर कापणारे नाशिकचे भाऊ, माइक उसना देणारे गुजराती दुकानदार, पंगत वाढणारी नेपाळी पोरं, विसर्जनाचा टब आपल्या गॅरेजात सांभाळणाऱ्या वहिनी, शेवटची खुर्ची घडी घालेपर्यंत थांबणारे पुण्याचे दोघे विद्यार्थी. आणि हॉलच्या किल्ल्या घेऊन पावसात उभे राहणारे आजोबा, ते कसे विसरेन!

तेता आता नाहीत. दूर्वा त्यांची सून आणते. ताट यंदा आमच्याकडे आहे.